उकळलेली बेसची तार नवी होत नाही
बेस गिटारच्या जुन्या तारा पाण्यात उकळल्या की नव्यासारख्या होतात, हा सोलापूरच्या ऑर्केस्ट्रावाल्यांतही रुजलेला समज अर्धाच खरा आहे. उकळल्याने तारेवर गुंडाळलेल्या बारीक तारेच्या वेढ्यांत अडकलेला घाम, तेलकटपणा व मळ निघतो आणि नाद काही काळ खणखणीत होतो. पण फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, घासून पडलेल्या खाचा व ताणाने आलेला धातूचा थकवा तसाच राहतो. आपल्याकडचा घाम काढणारा उन्हाळा पाहता, इलिक्सिर कंपनीची, घाम-मळ वेढ्यांत शिरू न देणारे आवरण असलेली तार महाग असूनही मला किफायतशीर वाटते. रोटोसाउंड कंपनीच्या स्टीलच्या तारांचा झळाळता नाद हवा असेल, तर त्या वारंवार बदलण्याचा खर्च धरावाच लागतो. ला बेला कंपनीच्या सपाट वेढ्याच्या तारांसाठी मात्र हा उकळण्याचा खटाटोप व्यर्थच, कारण त्यांचा नाद मुळातच घुमारदार असतो. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन तर त्या तुटल्याशिवाय सहसा बदलत नसत.