कोण किती पाण्यात? पूलमधल्या रेटिंगची पार्श्वभूमी

१९८५ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात ‘रेड्स’ नावाच्या पूल हॉलमध्ये नाइन-बॉलची स्पर्धा भरली होती. पूल म्हणजे टेबलावरचे बॉल काठीने भोकांत घालायचा खेळ, आणि नाइन-बॉल हा त्याचा एक प्रकार. सेझार मोरालेस या नावाने एक फिलिपिनो खेळाडू तिथे उतरला आणि स्पर्धा जिंकून गेला. त्याचं खरं नाव एफ्रेन रेयेस. फिलिपिन्समध्ये रेयेस नावाचा कुणी जबरदस्त खेळाडू आहे, ही कुणकुण अमेरिकेत पोचली होती, पण त्याचा चेहरा फारसा कुणाला माहीत नव्हता. खरं नाव सांगितलं असतं तर पैसे लावून खेळायला कोण पुढे आलं असतं?

पूलचे चाहते हा किस्सा कौतुकाने सांगतात. मला तो या खेळातल्या मोजमापाच्या इतिहासाची गुरुकिल्ली वाटतो. बुद्धिबळपटू आपलं रेटिंग वाढावं म्हणून जिवाचं रान करतो. नाशिकचा विदित गुजराथी २७०० च्या पुढे गेला तेव्हा तो आकडा बातमीचा मथळा झाला. पूलमध्ये मात्र पिढ्यान्‌पिढ्या उलटा कारभार होता. खेळाडूच्या दर्जाला तिथले लोक ‘स्पीड’ म्हणतात, आणि आपला स्पीड समोरच्याला कळू न देणं हाच अनेकांच्या पोटापाण्याचा भाग होता. ज्या खेळात आपण किती पाण्यात आहोत हे लपवण्यातच कमाई, तिथे पट्टी घेऊन मोजायला येणाऱ्याचं स्वागत कोण करणार?

मोजणी होत नव्हती असं मात्र नाही. ती तोंडी होती. पैशाचा डाव ठरताना जी घासाघीस होते ती ऐकण्यासारखी असते. नाइन-बॉलमध्ये नऊ नंबरचा बॉल पॉट करणारा, म्हणजे भोकात घालणारा, रॅक (एक डाव) जिंकतो. कच्चा खेळाडू म्हणतो, मला आठ दे. म्हणजे पक्क्या खेळाडूला नऊच लागेल, पण कच्च्याने आठ पॉट केला तरी रॅक त्याचा. समोरचा नाही म्हणतो, मग ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, मागितला जातो, मग नऊपैकी दोन रॅक आधीच पदरात टाकून मागितले जातात. ही सगळी बोलणी म्हणजे दोघांमधल्या फरकाचा अंदाजच. फक्त तो कागदावर येत नव्हता, आणि दोघांपैकी निदान एक जण खोटं बोलत असण्याची शक्यता भरपूर.

त्याआधीच्या काळात स्ट्रेट पूल हा मानाचा प्रकार होता, आणि त्यात आकडे आपोआप तयार होत. प्रत्येक बॉलला एक गुण, टेबलावर आलात की चुकेपर्यंत खेळायचं. क्रिकेटसारखी सरासरी काढता येई, आणि लांबलचक खेळी लोकांच्या तोंडी राही. विली मॉस्कोनीने १९५४ च्या मार्चमध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला सलग ५२६ बॉल पॉट केले. तो आकडा पुढे साठ-पासष्ट वर्षं या खेळाचं शिखर मानला गेला. नाइन-बॉल आला आणि ही सोय गेली. एकाने एक ते आठ बॉल सुंदर साफ करावेत, नऊ तोंडाशी अडकावा, आणि दुसऱ्याने येऊन तो नुसता ढकलावा. रॅक दुसऱ्याचा. पॉट केलेले बॉल मोजून इथे काय कळणार?

यावर १९८० च्या दशकात पॅट फ्लेमिंगने एक उपाय काढला. तो स्वतः व्यावसायिक खेळाडू. ‘अक्यू-स्टॅट्स’ या नावाने त्याने सामन्यांचं चित्रीकरण आणि नोंदणी सुरू केली. त्याचा हिशेब साधा होता: पॉट केलेले बॉल भागिले पॉट केलेले बॉल अधिक चुका. नव्वद बॉल आणि दहा चुका, तर .९००. खरी हुशारी चुकीच्या व्याख्येत होती. बॉल हुकणं ही चूक आहेच, पण पांढरा बॉल नको तिथे सोडून पुढचा शॉट अवघड करून ठेवला तर तीही चूक, आणि सेफ्टी, म्हणजे समोरच्याला शॉट मिळू नये म्हणून केलेली खेळी, फसून त्याला शॉट मिळाला तर तीही. त्यामुळे हरलेल्या खेळाडूनेही किती उत्तम खेळ केला ते पहिल्यांदाच दिसू लागलं. पूलच्या समीक्षेला फ्लेमिंगने भाषा दिली, आणि त्याला याचं श्रेय जेवढं मिळायला हवं तेवढं मिळत नाही असं माझं मत आहे. पण या पद्धतीला प्रत्येक टेबलाशी एक जाणकार डोळा लागतो. हजारो टेबलांवर रोज चालणाऱ्या खेळाला ती पुरणार नव्हती.

दुसऱ्या बाजूला हौशी लीग वाढत होत्या. टेरी बेल आणि लॅरी हबार्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी अमेरिकेत जी लीग उभी केली, तिने हँडिकॅपची, म्हणजे कच्च्या खेळाडूला सवलत देण्याची, पद्धत घरोघरी नेली: एट-बॉल या पूलच्या दुसऱ्या प्रकारात दोन ते सात अशा पायऱ्या, आणि पायरीनुसार कुणाला किती रॅक जिंकायचे ते ठरलेलं. ऑफिस सुटल्यावर खेळायला येणारा माणूस यामुळेच मुरलेल्या खेळाडूसमोर उभा राहू शकला. पण कुठल्याही हँडिकॅपला एक कीड लागतेच. मुद्दाम दोन शॉट हुकवायचे, पायरी खाली ठेवायची आणि मोठ्या स्पर्धेत खरा खेळ काढायचा. स्पीड लपवायची जुनी खोड इथे नव्या वेषात आली.

बुद्धिबळाने हा प्रश्न कधीच सोडवला होता. अर्पाड इलो हा हंगेरीत जन्मलेला, मिलवॉकीत भौतिकशास्त्र शिकवणारा प्राध्यापक. त्याची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. तुम्ही कसे खेळलात हे ती विचारत नाही. कुणाशी खेळलात आणि निकाल काय लागला, एवढंच विचारते. प्रत्येक निकालानंतर आकडा थोडा वर किंवा खाली सरकतो.

हीच पद्धत पूलला सरळ लावली तर एका ठिकाणी अडते. पूल गावागावात, हॉलाहॉलांत खेळला जातो, आणि बहुतेक लोक आपल्याच हॉलमधल्यांशी खेळतात. आकडे असे थोडे-थोडे सरकत राहिले तर या गावचा ५०० आणि त्या गावचा ५०० एकाच मापाचे होईपर्यंत फार काळ जातो.

यावरचा तोडगा नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो शहरातून आला. माइक पेज हे तिथल्या विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी स्टीव्ह अर्न्स्ट यांच्याबरोबर ‘फार्गोरेट’ उभं केलं. त्यामागचं गणित जुनं आहे. झर्मेलो या जर्मन गणितज्ञाने ते १९२९ मध्ये बुद्धिबळासाठी मांडलं होतं, आणि ब्रॅडली आणि टेरी यांनी १९५२ मध्ये स्वतंत्रपणे. आकडा एकेका सामन्यानंतर सरकवत बसायचं नाही. नोंदलेले सगळे रॅक एकदम समोर घ्यायचे आणि विचारायचं, सगळ्या खेळाडूंना कोणते आकडे दिले तर हे निकाल लागण्याची शक्यता सर्वांत जास्त ठरेल? उत्तर सगळ्यांचं एकदमच निघतं. जुन्या रॅकचं वजन काळानुसार घटत जातं.

दोन अनोळखी मराठी माणसं प्रवासात भेटली की अर्ध्या तासात नातं शोधून काढतात. तुमच्या मावशीचे दीर म्हणजे आमच्या आत्याचे व्याही, असं कुठेतरी जुळतंच. फार्गोरेटचं तसंच आहे. फार्गोतला हौशी खेळाडू मनिलातल्या खेळाडूशी कधीच खेळलेला नसतो. पण तो ज्याच्याशी खेळला तो कुणाशी तरी खेळला, आणि तो गावोगाव फिरणाऱ्या एखाद्या व्यावसायिकाशी. जो फिरस्ता पूर्वी नाव लपवून गावं लुटायचा, तोच आता दोन गावांची मापं जोडणारा धागा झाला. पुरुष, स्त्रिया, हौशी, व्यावसायिक, सगळ्यांना एकच पट्टी. जगातले अव्वल व्यावसायिक तिच्यावर ८०० च्या पुढे असतात.

पट्टीचा अर्थही सोपा ठेवला आहे. १०० गुणांचा फरक म्हणजे रॅकचं प्रमाण दोनास एक. ५० गुणांचा फरक असेल तर वरचा खेळाडू शंभरातले साधारण ५९ रॅक जिंकतो. हे किरकोळ वाटतं. पण जो आधी नऊ रॅक जिंकेल त्याचा सामना, असं ठरलं तर तोच ७६ टक्के वेळा जिंकेल, आणि आधी पंचवीस जिंकायचे असतील तर जवळजवळ ८९ टक्के. छोट्या सामन्यात चमत्कार का होतात आणि लांब सामन्यात का होत नाहीत, याचं उत्तर इथे आहे.

एक प्रसिद्ध सामना या पट्टीवर ठेवून पाहू. १९९६ मध्ये हाँगकाँगला रेयेस आणि अमेरिकेचा अव्वल खेळाडू अर्ल स्ट्रिकलंड, आधी १२० रॅक जिंकेल तो विजयी, असा सामना खेळले. जिंकणाऱ्याला एक लाख डॉलर, हरणाऱ्याला काही नाही. निकाल लागला १२०-११७, रेयेसच्या बाजूने. २३७ रॅक, आणि फरक तिनाचा. गुणांत मांडलं तर हा फरक चारसुद्धा भरत नाही. शिवाय इतक्या रॅकवरून काढलेल्या फरकात इकडे-तिकडे एकोणीसेक गुणांची अनिश्चितता असतेच. म्हणजे एक लाख डॉलर एकाला मिळाले, पण दोघांत वरचढ कोण हे एवढ्या लांब सामन्यानंतरही सांगता येत नव्हतं. माझ्या मते त्या दोघांच्या थोरवीचं इतकं नेमकं वर्णन दुसरं नाही.

रॅक हे मोजमापाचं एकक निवडल्याचा आणखी एक फायदा झाला. स्पर्धा जिंकणं-हरणं हे थोड्या सामन्यांवर ठरतं, पण रॅक भरपूर पडतात, आणि ९-८ ने हरलेल्यालाही त्याच्या आठ रॅकचं माप मिळतं. मुद्दाम हरून आकडा खाली आणणं तरी अवघड झालं, कारण शेकडो रॅक त्या आकड्याला धरून असतात. काही गोष्टी मात्र या आकड्यात विरघळून जातात. सात फुटी टेबल की नऊ फुटी, एट-बॉल की नाइन-बॉल, हे त्यात वेगळं दिसत नाही. मोठ्या टेबलावर लांबचे शॉट हमखास घालणारा आणि सेफ्टीच्या जोरावर जिंकणारा, दोघांचा आकडा एकच असू शकतो. ते पाहायला अजूनही फ्लेमिंगची वही लागते.

आणि सेझार मोरालेस? आकडा नावाला चिकटलेला असतो, हातांना नाही. आज कुणी नवं नाव घेऊन उतरला तर त्याची पाटी कोरीच असेल. तीस रॅकनंतर त्याच्या आकड्यात पन्नासेक गुणांची अनिश्चितता उरेल. म्हणूनच २०० रॅक भरेपर्यंत फार्गोरेट कुणाचाही आकडा पक्का धरत नाही. तोवर अनिश्चितता विसाच्या आसपास येते. पण रेयेससारखा माणूस पहिल्याच संध्याकाळी ७५० च्या खेळाडूंना ओळीने हरवू लागला, तर त्या कच्च्या आकड्याकडे पाहूनही पुढचा माणूस खिशातले पैसे बाहेर काढणार नाही.