पाठीतली सुई सिझरच्या टेबलावरच का थांबली?

मराठवाड्यात चार बायका बसल्या आणि कंबरदुखीचा विषय निघाला, की एखादी म्हणतेच, "सिझरला पाठीत सुई दिली नव्हं का, तव्हापासून कंबर दुखायली." लातूरकडे असो की परभणीकडे, वाक्य जवळपास हेच असतं. म्हणजे मणक्यातली भूल इथे कुणाला नवीन नाही. पण तशीच सुई कळा चालू असताना, नॉर्मल बाळंतपणातही दुखणं कमी करायला देतात, असं सांगितलं की त्याच बायका विचारतात, "मग कळा येतील कशा?" सुई सिझरच्या टेबलापर्यंत पोचली, पण कळांच्या खाटेपर्यंत नाही. त्यामागे पावणेदोनशे वर्षांची गोष्ट आहे, आणि तिचा एक तुकडा आपल्या जुन्या राजधानीत, हैदराबादेत घडलेला आहे.

सुरुवात स्कॉटलंडमधल्या एडिंबरोची. १९ जानेवारी १८४७ रोजी जेम्स यंग सिम्प्सन या डॉक्टरने एका बाळंतिणीला ईथर हुंगवलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म. लगेच वाद पेटला. बाईने वेदनेतच मूल जन्माला घालावं असं बायबलात लिहिलंय, मग वेदना घालवणारे तुम्ही कोण, असा प्रश्न आला. सिम्प्सनही खमका. त्याने बायबलातूनच उत्तर काढलं: देवाने आदमची फासळी काढली तेव्हा आधी त्याला गाढ झोपवलंच होतं की! पुढे ७ एप्रिल १८५३ रोजी व्हिक्टोरिया राणीने आठव्या बाळंतपणात डॉक्टर जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला, आणि राणीनेच घेतल्यावर विरोधाची धार बोथट झाली. (आपल्याकडे असा शास्त्राधार कुणी काढल्याचं ऐकिवात नाही. "आम्ही नाही का सोसलं?" एवढं सासूचं वाक्य इथे पुरतं.)

मात्र क्लोरोफॉर्मने माणसं मरायचीही. ती श्वास थांबून मरतात की हृदय, यावर डॉक्टरांत तट पडले, आणि याचा निकाल लावायला चाचण्या झाल्या त्या निजामाच्या पैशाने. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांनी १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग बसवले आणि शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून डॉक्टर लॉडर ब्रंटन आले, त्यांच्या खर्चाला सहाव्या निजामाने, महबूब अली खानने, हजार पौंड दिले. आयोग म्हणाला, आधी श्वास थांबतो, तेव्हा नजर श्वासावर ठेवा. हृदयाला धोका नाही हा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला, पण श्वासावर लक्ष ठेवण्याची शिस्त टिकली.

याच शाळेत रूपाबाई फर्दुनजी नावाची पारशी मुलगी १८८५ मध्ये दाखल झाली. १८८९ पासून ती हैदराबादेत क्लोरोफॉर्म द्यायला लागली आणि १९०९ मध्ये पुढच्या शिक्षणासाठी एडिंबरोला गेली. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून तिचं नाव घेतात. त्या काळी औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद हे जिल्हे त्याच राज्यात होते, आणि निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत चालली. म्हणजे मराठवाड्यातली बाई बाजेखाली शेगडी ठेवून शेक घेत होती, गावची सुईण नाळ कापत होती, आणि त्याच राज्याच्या राजधानीत एक बाई भूल देण्याची नोकरी करत होती. आमच्या पाठ्यपुस्तकात मुक्तिसंग्राम आहे, रूपाबाई नाही.

आता सुईकडे. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर होतो हे दाखवलं. १८९१ मध्ये क्विंके यांनी कमरेच्या मणक्यांतून सुई घालून पाणी काढण्याची रीत बसवली. दोन्ही जोडलं जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बीयर यांनी, १८९८ च्या ऑगस्टात. रुग्णांवर वापरून झाल्यावर ते स्वतःच टेबलावर झोपले. सहाय्यक हिल्डेब्रांट सुई घालू लागला, पण सिरिंज सुईला बसेना आणि मणक्यातलं पाणी वाहून गेलं. मग जागा बदलल्या. हिल्डेब्रांटचे पाय बधिर झाले, आणि बीयर यांनी त्याला चिमटे काढले, पेटती सिगार टेकवली, नडगीवर हातोडी मारली. त्याला काही कळेना. रात्री दोघांनी दारू-सिगारने मजा केली आणि नंतर बीयर नऊ दिवस डोकं धरून होते. भूल उतरल्यावर उठून बसलं की डोकं ठणकतं, हे आजही काही बायकांना होतं. कारण तेच, सुईच्या भोकातून पाणी झिरपणं. आता सुया केसासारख्या बारीक झाल्यात, म्हणून प्रमाण खूप उतरलंय.

दोनच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या ऑस्कर क्राइस यांनी हीच सुई सहा बाळंतिणींना कळांसाठी दिली. म्हणजे कळांवर मणक्यातली भूल ही कालची फॅशन नाही. मग ती रुळली का नाही? कारण ती एका डोसाची असते. औषध पाण्यात मिसळतं, दीड-दोन तास चालतं आणि उतरतं. सिझरला तेवढं पुरतं. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास चालतात.

उपाय निघाला तो मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याच्या पिशवीबाहेरच्या पोकळीत नळी ठेवण्याचा, म्हणजे एपिड्युरल. १९०९ मध्ये मारबुर्गच्या वाल्टर श्टोकेल यांनी माकडहाडाकडून औषध दिलं, १९२१ मध्ये स्पेनचे लष्करी सर्जन फिदेल पाखेस यांनी कमरेतून. रोमानियाचे अबुरेल, अमेरिकेतले हिंगसन आणि एडवर्ड्स यांनी औषध सतत देत राहण्याच्या युक्त्या काढल्या, आणि १९४७ मध्ये क्यूबाच्या मार्टिनेझ कुर्बेलो यांनी कमरेतून नळी सोडून दाखवली. त्याच दशकात कोकेनपेक्षा कितीतरी सुरक्षित असं बधिर करणारं औषध, लिग्नोकेन, आलं, नंतर ब्युपिव्हाकेन.

एपिड्युरल देताना पाहिलं तर त्यात हाताचं कसब किती आहे ते कळतं. बाई खाटेच्या कडेला उशी कवटाळून बसते. "मांजरासारखी पाठ गोल कर ताई," असं सांगतात. कळ आली की सगळे थांबतात, ओसरली की सुई पुढे. मागच्या सिरिंजमधलं सलाइन दाबलं तरी आत जात नाही. आणि मग एका क्षणी अंगठ्याखालचा जोर एकदम सुटतो. ही खूण इटलीच्या दोलिओत्ती यांनी १९३० च्या दशकात रुजवली, आजही भूलतज्ज्ञ तिच्यावरच चालतो. मज्जारज्जू सुईच्या जागेच्या वरच, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी, संपलेला असतो.

"मग कळा येतील कशा?" हा प्रश्न मुळीच बावळट नाही. गर्भाशय स्वतःच्या जोरावर आवळतं, सुई फक्त दुखण्याची खबर अडवते. जुन्या जड डोसांनी पाय लुळे पडायचे, जोर देता येत नसे, बाळ ओढून काढायला चिमटे लावावे लागत. आता डोस अगदी पातळ असतो, सोबत थोडं फेंटानिल हे वेदनाशामक. शेवटचा टप्पा थोडा लांबतो, हे खरं आहे. सिझर वाढत नाही, आणि कायमची कंबरदुखीही लागत नाही, हे मोठ्या तुलनात्मक अभ्यासांतून दिसलंय. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती सुई घेतलेल्यांचीही आणि न घेतलेल्यांचीही. २०१८ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींत, मागणाऱ्या निरोगी बाईला एपिड्युरल द्यावं असं आहे.

अडतं ते माणसांपाशी. औरंगाबादचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे घाटी, १९५६ पासून, पुढे सत्तरच्या दशकात अंबाजोगाईचं ग्रामीण महाविद्यालय, मग नांदेड, लातूर: शिकलेले भूलतज्ज्ञ इथूनच निघाले. पण एपिड्युरलला सुई देणारा नुसता येऊन चालत नाही. रक्तदाब, बाळाचे ठोके, पुढचा डोस, यासाठी कुणीतरी तासन्‌तास हाकेच्या अंतरावर लागतं. एमबीबीएस डॉक्टरांना भूल शिकवण्याची सरकारी योजना आली, सुरुवातीला १८ आठवड्यांची, पण ती जीव वाचवायला, अडलेलं सिझर पार पाडायला. फेंटानिल अमली पदार्थांच्या कायद्यात येतं, म्हणून छोट्या दवाखान्यांत त्याच्या साठ्याचीही कटकट. संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या मोठ्या खासगी रुग्णालयांत ‘वेदनारहित प्रसूती’चे फलक दिसतात, बिल त्या मानाने.

तालुक्याला भूलतज्ज्ञ बहुधा एका दवाखान्याचा नसतो. फोन आला की गाडीत बॅग टाकून येतो, सिझरची भूल देतो, टाके पडेपर्यंत थांबतो आणि पुढच्या फोनकडे निघतो. चौदा तास एका खाटेपाशी बसणं त्याला परवडत नाही. इकडे लेबर रूमच्या दारात आई उभी असते, आतून ओरडणं ऐकू येत असतं. सिस्टर "कळ दे, कळ दे" म्हणत असतात. मग नवरा किंवा आई डॉक्टरांना म्हणते, "बघवंना झालंय, सिझरच करून टाका." तेव्हा कुठे फोन जातो, गाडी येते आणि पाठीत सुई लागते.