घरच्या पेशंटसाठी पोलिसांना बोलवायचं तर : कोणासाठी, कसं आणि कुठले कागद

पुण्यात कुणी जरा विचित्र वागलं की लगेच "याला येरवड्याला धाडा" म्हणतात, आणि येरवड्यात जेल पण आहे नि मेंटल हॉस्पिटल पण, त्यामुळे पोलीस, कोठडी, मनोरुग्णालय हे सगळं डोक्यात एकच होऊन बसतं. आमच्याकडे तेच झालं. मामा रात्री अडीचला बिल्डिंगचे मेन स्विच बंद करत सुटला, वायरी बोलतात म्हणे, आजीने विळी पिठाच्या डब्यामागे लपवली, मी ११२ लावला आणि पलीकडून आवाज आल्याबरोबर कट केला. मामाला मारतील, लॉकअपमध्ये टाकतील, आणि सोसायटीत गाडी आली की सकाळी सगळ्यांना कळणार, एवढंच सुचत होतं.

भीती अगदीच उगाच नाही, नंतर एका चौकीत मला "दोन फटके दिले की उतरतं" असंही ऐकवलं गेलंय. पण कायदा काय म्हणतो ते माहीत असलं की असल्या वेळी निदान बोलता तरी येतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ पासून, त्यातलं कलम १०० पोलिसांसाठी आहे.

कोणासाठी लागू? दोन प्रकार. एक, जो रस्त्यावर भटकतोय, आजारी वाटतोय आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाहीये. दुसरा, आजारामुळे ज्याच्यापासून त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे, मग तो घरात असला तरी. नुसता बडबडतो, गोळ्या घेत नाही, भांडतो म्हणून पोलिसांनी उचलावं असं यात नाही हं, त्यासाठी आधी डॉक्टर किंवा १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी, फुकट हेल्पलाइन.

पोलिसांनी ताब्यात घेतलं तर ती अटक नाही, संरक्षण आहे. का नेतोय हे पेशंटला सांगायचं, त्याला कळत नसेल तर त्याच्या प्रतिनिधीला (त्याने स्वतः नेमलेला माणूस, तो कागद कसा करायचा ते खाली आहे). लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासायला न्यायचं. लॉकअप किंवा जेलमध्ये कुठल्याही परिस्थितीत ठेवायचं नाही, हे एक वाक्य पाठच करा. डॉक्टर म्हणाले ॲडमिटची गरज नाही, तर पोलिसांनीच घरी आणून सोडायचं. माणूस बेघर असेल तर मिसिंगची नोंद करून घरचे शोधायचे. आणि जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला म्हणून केस होईल या भीतीने दवाखाना टाळू नका, कलम ११५ प्रमाणे तो माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच आधी धरतात, त्याला शिक्षा करत नाहीत.

फोन करताना "वेडा झालाय, घेऊन जा" म्हणू नका. पेशंट आहे, अमुक ट्रीटमेंट चालू आहे, आत्ता हा धोका आहे, कलम १०० खाली मदत हवी, सोबत १०८ ची ॲम्ब्युलन्स बोलावतोय, असं सांगा. स्टेशन डायरीला नोंद करायला लावा आणि नंबर लिहून घ्या.

आता कागद. सगळ्यात कामाचा कागद बिनखर्चाचा आहे आणि तोच कुणी करत नाही. पेशंट बरा असताना साध्या कागदावर आपला प्रतिनिधी कोण ते लिहून त्याने सही किंवा अंगठा करायचा. कायद्यातलं नाव नामनिर्देशित प्रतिनिधी. पेशंट सज्ञान हवा, प्रतिनिधी पण सज्ञान हवा आणि त्याने तयार असल्याचं लेखी द्यायचं. पेशंट हे नाव कधीही बदलू शकतो. मामाने माझं नाही, मावशीचं नाव लिहिलं, म्हणाला तू फोन कट करतोस.

कोर्टाची ऑर्डर आणा तरच ॲडमिट करतील हा समज १९८७ च्या जुन्या कायद्यापासून चालत आलाय. आता पेशंट स्वतः तयार नसेल आणि आजार गंभीर असेल तर हा प्रतिनिधी अर्ज करतो, दोघे जण वेगवेगळे तपासतात, त्यातला एक सायकियाट्रिस्ट, आणि पटलं तर ३० दिवसांपर्यंत भरती होते. ही भरती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे असल्या भरत्यांचा आढावा घेणाऱ्या मंडळाला, सात दिवसांत कळवावी लागते, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत.

बाकी फाइलमध्ये पेशंट आणि प्रतिनिधी दोघांची आधार झेरॉक्स, जुनी प्रिस्क्रिप्शनं, डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप. हे कायद्याने मागितलेलं नाही, पण रात्री तीनला ससूनला केसपेपर काढताना "कुठल्या गोळ्या चालू?" विचारतात तेव्हा "एक पांढरी, एक पिवळी" एवढंच आठवतं.

वकील परवडत नसेल तर फुकट वकील मिळायचा हक्क कलम २७ मध्ये आहे आणि तो आहे हे सांगणं पोलिसांचं पण काम आहे, शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. आमची फाइल शू-रॅकच्या वरच्या खणात असते, आजीला पण माहीत आहे.