हाड मोडलं तेव्हा ओलं होतं की वाळलेलं?

पांढऱ्या रश्श्यासाठी नळ्या तोडून आणल्या की एखादीवर खाटकाचा सत्तूर नीट बसलेला नसतो. ती तिरकी फाटते, कड गुळगुळीत आणि धारदार असते, एखादी कपची पापुद्र्याला लोंबत राहते. बांधावर दोन उन्हाळे पडून असलेली नळी मात्र पायाखाली खडूसारखी कटकन मोडते, आडवी आणि खडबडीत. सापळ्यातलं हाड केव्हा मोडलं हे ठरवायचं शास्त्र बरंचसं या फरकावर उभं आहे.

हाडाला टणकपणा खनिजामुळं येतो, लवचिकपणा कोलॅजन या प्रथिनामुळं आणि पाण्यामुळं. मेल्यानंतर हे दोन्ही हळूहळू जातात, मृत्यूच्या क्षणी नाही. सावलीत, ओलाव्यात हाड काही आठवडे, कधी महिनेही ओल्यासारखंच मोडतं. उन्हात ते लवकर वाळतं. म्हणजे हाड आपला ओलेपणा सांगतं, घड्याळ नव्हे. अहवालात ‘मृत्यूच्या वेळची इजा’ लिहिलं की वकील तो ‘मारहाणीनं मृत्यू’ असा वाचतात, आणि घोटाळा इथंच होतो.

जिवंतपणीची मोड ओळखणं त्यामानानं सोपं, पण माणूस त्यानंतर पुरेसा जगला असेल तरच. साधारण एक-दोन आठवड्यांत कडा बोथट होऊ लागतात, कडेच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रं आणि नवं हाड दिसतं. एक्स-रेवर मोड सांधणारी नव्या हाडाची गाठ प्रौढांत दोन-तीन आठवड्यांनी उमटते, मुलांत लवकर. मार लागून तिसऱ्या दिवशी गेलेल्याच्या हाडावर मात्र डोळ्यांना काहीच दिसत नाही.

आता शिरोळकडचं काळं रान घ्या. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टला लावला की तुटायला पुढच्या वर्षीचा हंगाम उजाडतो. तोवर उभ्या उसात कोण काय पाहतो? अशा रानातला सापळा काळ्या मातीनं रंगलेला निघतो. मोडलेली कडही तितकीच काळपट असेल तर मोड जुनी. कड पांढुरकी असेल तर ती कालच्या खोऱ्याची नाहीतर जेसीबीच्या बकेटची. पण रंग एवढंच सांगतो. मृत्यूनंतर सहा महिन्यांनी नांगरानं मोडलेलं हाडही मातीत राहिलं की रंगतंच, म्हणून रंगासोबत कडेचा कोन आणि पोत पाहावाच लागतो.

कुत्रं आणि आग हे दोन मोठे फसवे. कुत्र्यानं ओलं हाड फोडलं तर मोड हुबेहूब माराची वाटते. टोकांशी दातांचे खळगे आणि ओरखडे शोधावेत. पाचट पेटवलेल्या रानात तापानं तडे जातात, मांसासकट जळालेल्या लांब हाडांवर ते बरेचदा कमानदार असतात. कवटीवर एकाहून जास्त घाव असतील तर पुपेचा नियम कामी येतो. नंतरची चीर आधीच्या चिरेपाशी येऊन थांबते, कारण जोर पुढं न्यायला तिथं सलग हाडच उरलेलं नसतं.

उचलण्याआधी मोजपट्टी ठेवून जागेवरच फोटो घ्यावा. माती मऊ ब्रशनं आणि बांबूच्या काडीनं काढावी. लोखंडी उलथन्यानं पडलेला ओरखडा पुढं पुरावा म्हणून मिरवतो. हाडं सावलीत सुकवावीत. कडक उन्हात ठेवलेल्या ओल्या हाडाला संध्याकाळपर्यंत लांबट भेगा पडू शकतात. कडा दहापट भिंगाखाली पाहून झाल्याशिवाय तुकडे डिंकानं जोडू नयेत, कारण डिंक कडेवर चढला की पोत गेला. बारीक कपच्या वेगळ्या कागदी पाकिटांत भराव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणानं बुरशी धरते.