मोठ्याने वाचन (खानदेशातील घरांत)

लहान मुलाला मांडीवर किंवा कुशीत घेऊन घरातल्या माणसाने पुस्तक मोठ्याने वाचणे, चित्रे दाखवणे आणि मध्येच थांबून त्याच्याशी बोलणे म्हणजे मोठ्याने वाचन. मुलाला अक्षरे कळू लागण्याच्या कितीतरी आधी ते सुरू होते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये ते तान्हेपणापासूनच करावे, अशी शिफारस केली. घरातले बोलणे बहुतेक जेव, झोप, हे आण एवढ्यावरच फिरते; समुद्र, जहाज, बर्फ हे शब्द मुलाच्या कानावर पडतात ते पुस्तकातूनच.

खानदेशात पुस्तक प्रमाण मराठीत आणि घर अहिराणीत, असे अनेक ठिकाणी असते. जळगावच्या पूर्व भागात लेवा गणबोली, सातपुड्यात भिली व पावरी, नवापूरकडे मावची. याची पालकांना धास्ती वाटते, पण बोली आड येत नाही, उलट तीच हाताशी येते. आई वाचते, 'मुलगा विहिरीवर गेला.' मग चित्रावर बोट ठेवून विचारते, 'हाऊ पोऱ्या काय करी ऱ्हायना?' मूल म्हणते, 'पानी काढी ऱ्हायना.' गोष्ट त्याला समजली, आणि 'मुलगा' म्हणजे आपला पोऱ्या, हेही न शिकवता कळले. अशा वेळी 'नीट बोल' म्हणून त्याला अडवू नये. एकदा अडवलेले मूल पुढच्या पानावर गप्प बसते.

घरात वाचता येणारे कोणी नसले तरी अडत नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरोटावर दळताना, शेतात राबताना त्यांना सुचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली. १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. इथल्या आज्यांकडे गोष्टींचा असा साठा आजही आहे. आजीने चित्रांचे पुस्तक उघडून आपल्या बोलीत गोष्ट रचून सांगितली, तर मुलाच्या दृष्टीने ते वाचनच.

पुष्कळ घरांत पुस्तक एकच असते, थोरल्या भावंडाचे बालभारती. तेही चालते. कापूस वेचणीच्या दिवसांत आई दमून येते, तेव्हा ताईने जेवणानंतर वाचलेली दहा मिनिटेही पुरतात. धाकटे रोज तीच गोष्ट मागते. कंटाळून एखादे पान गाळले, की लगेच हात धरून मागचे पान उलटायला लावते.