मुंडावळ्या की बाशिंग?

माझ्या मामेबहिणीच्या लग्नात सोलापूरकडच्या व्याह्यांनी सामानाची यादी पाठवली होती. तीत ‘बाशिंगं 2’ असं स्वच्छ लिहिलेलं. आम्ही पुण्याची माणसं. बाशिंग म्हणजे मुंडावळ्याच, असं गृहीत धरून तुळशीबागेतून मोत्यांच्या दोन सुरेख जोड्या आणल्या. मुहूर्ताला अर्धा तास उरला असताना नवरदेवाच्या आत्याबाईंनी पिशवी उघडली, आत हात घालून चाचपलं आणि विचारलं, “हे झालं, पण बाशिंग कुठंय?” मग एक भाचा मोटरसायकलवरून पिटाळला.

दोन्ही वस्तू कपाळावरच बांधतात, दोन्ही लग्नात दिसतात, त्यामुळे घोटाळा होतो. पण समोरासमोर ठेवल्या की फरक लगेच कळतो. मुंडावळ्या खाली लोंबतात, बाशिंग वर उभं राहतं.

मुंडावळ्या म्हणजे सर. मोत्यांचे किंवा ताज्या फुलांचे. एक पदर कपाळावर आडवा जातो, गाठ डोक्यामागे येते आणि दोन्ही कानशिलांवरून एकेक सर गालांपर्यंत उतरतो. मुंड म्हणजे डोकं, तेव्हा जागा शब्दातच सांगून ठेवलेली. एकवचन ‘मुंडावळ’ आहे खरं, पण ते ऐकलंय कुणी? गौरीहराशी पिवळी साडी नेसून बसलेली नवरी डोळ्यांसमोर आणा. मान खाली, आणि गालांशी हलणारे ते दोन सर. उत्तरेकडच्या सेहऱ्याशी यांची गल्लत करू नये. सेहरा चेहरा झाकतो, मुंडावळ्या तो मोकळा ठेवून फक्त दोन्ही बाजूंनी रेघ ओढतात.

बाशिंग हा सर नव्हे. तो कपाळावर उभा बांधायचा तुरा, जवळजवळ मुकुटच. पूर्वी भेंडाचं किंवा कागदाचं असे, त्यावर बेगड, काचमणी, छोटे आरसे. आता पुठ्ठा आणि थर्माकोलही चालतो. नवरदेवाचं मोठं, नवरीचं बेताचं. देशावर, मराठवाड्यात, विदर्भात कितीतरी घरांत त्याशिवाय लग्न लागत नाही. सोलापूर, कोल्हापूरच्या पलीकडे गेलं तरी ते भेटतं, कानडीत बासिंग, तेलुगूत बासिकम. आमच्या आत्याबाई अडून बसल्या त्या उगीच नव्हेत.

भाषेनं तर निकाल केव्हाच दिला आहे. उतावळा नवरा गुडघ्याला बांधतो ते बाशिंग. गुडघ्याला मुंडावळ्या बांधल्याचं कुणी म्हणत नाही. एखाद्याचं लग्न जमता जमत नसेल तर त्याचं ‘बाशिंगबळ जड आहे’ म्हणतात, तिथेही मुंडावळ्यांना जागा नाही. म्हणजे लोकांच्या मनात ‘हा नवरा आहे’ याची खूण बाशिंग. पोळ्याला बैलांच्या कपाळावरही बाशिंग चढतं. त्या दिवशी बैल नवरदेवासारखाच सजतो आणि वाजतगाजत मिरवतो, तेव्हा ते त्याला शोभतंच.

मुंडावळ्यांचा संसार यापेक्षा पसरलेला आहे. मुंजीत आठ वर्षांच्या बटूच्या कपाळावरही त्या असतात, आणि त्याचं लग्न काही लागत नसतं. त्या बांधल्या की माणूस त्या दिवसापुरता कार्याचा होतो, एवढाच त्यांचा अर्थ मला दिसतो. बाशिंगाचा रोख मात्र थेट बोहल्याकडे.

गोंधळात भर बाजारानं घातली आहे. हल्ली बाशिंगालाच दोन्ही बाजूंनी मोत्यांचे सर जोडलेले मिळतात. शिवाय ऑनलाइन दुकानांत ‘बाशिंग’ म्हणून शोधलं तर निम्म्या वेळा साध्या मुंडावळ्या समोर येतात. फोटो नीट बघा. वर काही उभं दिसत नसेल तर ते बाशिंग नाही, नाव काहीही असो.

मग घ्यायचं काय? आधी दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि ‘तुमच्यात काय बांधतात?’ असंच विचारा. ‘मुंडावळ्या लागतात ना?’ असं विचारलं तर समोरचा भिडेखातर हो म्हणून मोकळा होतो. दोन्हीकडची रीत वेगळी निघाली तरी अडत नाही. मुंडावळ्या आधी, त्यावर बाशिंग, असं दोन्ही एकत्र बांधतात आणि ते चांगलंही दिसतं. फक्त नवरदेवाला फेटा असेल तर बाशिंग घेऊन एकदा फेट्यासकट बांधून पाहा. ऐनवेळी फेटा मागे सरकतो किंवा बाशिंग भुवयांवर उतरतं, आणि मग अख्ख्या अल्बममध्ये नवरा रागावलेला दिसतो.

मोत्यांच्या मुंडावळ्या घेताना मोती चमकतात किती हे बघण्याआधी दोरा बघा. इलॅस्टिकच्या बांधायला सोप्या, पण तासाभरात कपाळावर वळ उमटतो. सुती दोऱ्याच्या गाठीच्या बऱ्या. नवरीसाठी नाजूक आणि हलक्याच घ्या, कारण खोपा, गजरे, नथ यांचं ओझं आधीच असतं. फुलांच्या हव्या असतील तर मुहूर्ताची वेळ आधी बघा. मे महिन्यात दुपारच्या मुहूर्ताला मोगरा मंगलाष्टकं संपेपर्यंत मान टाकतो. शेवंती त्यापेक्षा चिवट. गोरज मुहूर्त असेल तर फुलवाल्याला संध्याकाळी ताज्या ओवून द्यायला सांगा, सकाळच्या नकोत. परदेशात लग्न असेल तर हा प्रश्नच मिटतो, मोत्यांच्या बॅगेत घालून न्यायच्या.

आणि हौस म्हणून बाशिंग बांधायला हरकत आहे का? माझ्या मते मुळीच नाही. मात्र फोटोपुरतं बांधून पुढच्या मिनिटाला काढून खुर्चीवर फेकलेलं मी पाहिलं आहे, ते डोळ्यांना खुपतं. बांधलंत तर मंगलाष्टकं होईपर्यंत तरी राहू द्या.

भाचा त्या दिवशी बाशिंग घेऊन आला तेव्हा अंतरपाट धरलेला होता. आत्याबाईंनी स्वतः ते आमच्या मुंडावळ्यांवर बांधलं. मुंडावळ्या आता बहिणीच्या कपाटात बांगड्यांच्या डब्यात आहेत, आणि बाशिंगं तिच्या सासरी जुन्या घराच्या आढ्याला, सासूबाईंच्या लग्नातल्या बाशिंगांशेजारी.