बारीक माशी हे घरमाशीचं पिल्लू नव्हे

घरात घोंघावणारी बारीक माशी म्हणजे घरमाशीचं पिल्लू, हा समज साफ चुकीचा आहे. माशी वाढते ती अळी असताना. कोषातून पंख घेऊन बाहेर पडली की वाढ संपली. अळीला खाणं कमी पडलं तर घरमाशीही लहानखुरी निघते, तेव्हा आकारावर जाऊच नका.

१० पट भिंगाखाली पंख बघा. घरमाशीच्या पंखातली चौथी लांब शीर टोकाजवळ एकदम कोनात पुढे वळते. फॅनिया गटातल्या बारीक माशीची जवळपास सरळ कडेला जाते. पाठीवरचे चार काळे पट्टे ही घरमाशीची खूण खरी, पण हाताळलेल्या नमुन्यात ते घासून पुसट होतात. शीर टिकते.

चावणारी तबेलामाशी मात्र फसवते: अंगकाठी घरमाशीचीच, फक्त कडक, टोकदार सोंड डोक्याखालून पुढे आलेली.